अनुभव धागा : ‘फँड्री’तला जब्या तुम्हाला कुठे भेटला?

धाग्याचे निमंत्रण

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. ती तारीख आणि प्रसिद्धीत सतत वाजणारे विंचवाचे गाणे यांमुळे शाळकरी प्रेमाची गोड गोष्ट पाहायला मिळेल, अशा समजुतीने आपल्यापैकी पुष्कळजण गेले होते. ते गाणे चित्रपटात नव्हतेच. होता तो कैकाडी कुटुंबातला जब्या, वर्गातली शालू वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडणारा आणि ज्याच्यापासून पळायचे तेच डुक्कर शेवटी साऱ्या गावासमोर धरावे लागणारा.

या धाग्यात कथेचा सारांश नको आणि पुरस्कारांची यादीही नको. जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आणि इतर प्रमुख कलाकारांच्या अभिनयातली कोणती जागा तुमच्या मनात राहिली आणि तेव्हा तुम्ही कुठल्या वयात, कोणाशेजारी बसला होता, एवढेच लिहावे. आपण कोल्हापूरकर चित्रपटाविषयी बोलू लागलो की मूकपटांच्या काळातले आपले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्यापासून सुरुवात करतो. तो मोहही या वेळी आवरावा, ही विनंती.

राजारामपुरी, खासगी नोकरी

मी तेव्हा अकरावीत होतो आणि आम्ही तालमीतली सात-आठ पोरे एका रांगेत बसलो होतो. डुक्कर धरण्याचा प्रसंग सुरू झाला, पडद्यावरच्या गावातली टगी पोरे आरडाओरडा करू लागली आणि आमच्या रांगेतही हशा पिकला. मी स्वतः शिट्टी वाजवली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. जब्या वर्गातल्या मुलांच्या नजरेला पडू नये म्हणून आडोसा शोधत असतो. तो आडोसा शोधताना सोमनाथचा चेहरा जवळजवळ रिकामा असतो, रडका नव्हे, आणि कदाचित त्यामुळेच आम्हाला हसण्याची मोकळीक मिळाली असावी. अखेरीस त्याने दगड भिरकावला आणि पडदा काळा झाला, तेव्हा ज्या बाजूला बसून आम्ही हसत होतो त्याच बाजूला तो दगड आला होता. बाहेर पडल्यावर कोणीही चहाचे नाव काढले नाही. आमच्यापैकी एकाचे घर जब्याच्याच समाजातले होते, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळले. तो त्या रांगेत अगदी टोकाला बसला होता.

निवृत्त शिक्षक, करवीर तालुका

मी तो चित्रपट आमच्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांबरोबर पाहिला. राष्ट्रगीताच्या प्रसंगाबद्दल सर्वत्र लिहिले गेले आहे. डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असते, शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि जनावर निसटते. माझे लक्ष मात्र वर्गातल्या सोमनाथवर खिळले होते. शालूकडे पाहताना तो मान पूर्ण वळवत नाही. डोळे तेवढे तिकडे जातात आणि कोणी पाहत आहे असे वाटताच परत वहीवर येतात. छत्तीस वर्षे फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाला ही नजर ओळखू येते. ती केवळ प्रेमात पडलेल्या मुलाची नसते. आपण इथे बसलो आहोत हे फार कोणाच्या लक्षात येऊ नये, असे वाटणाऱ्या मुलाचीही असते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. तो लाजाळू आहे, असा शेरा मी त्याच्या प्रगतिपुस्तकात सलग दोन वर्षे लिहिला.

शेवटी बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, तिथे बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांच्याबरोबर आपले शाहू महाराजही रंगवलेले आहेत. ज्या राजाने १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, त्याच्या गावी बसून ती भिंत पाहताना छाती अभिमानाने फुगावी, असे मला आधी वाटले होते. प्रत्यक्षात मी शेजारच्या मुलांकडे पाहायचे टाळले.

इचलकरंजी, गृहिणी

माझ्या मुलीने विचारले, “शालू काहीच कसं बोलत नाही?” राजेश्वरी खरात हिच्या वाट्याला संवाद फार थोडे आहेत आणि जब्याशी तिचे प्रत्यक्ष बोलणे असे घडतच नाही. मला ते योग्य वाटले, कारण ती जशी दिसते तशी जब्याच्या मनातच आहे. मुलीला ते पटले नाही. शालूला काय वाटत होते, हे कोणी विचारायला हवे होते, असे तिचे म्हणणे आजही कायम आहे.

नाट्यशास्त्राचा विद्यार्थी

माझे मत थोडे वेगळे आहे. सोमनाथ हा अभिनय शिकलेला मुलगा नव्हता, हलगी वाजवताना तो दिग्दर्शकाला सापडला, ही हकिकत आपण इतक्या कौतुकाने सांगतो की त्याने केलेले काम जणू आपोआप घडले असे वाटू लागते. एकच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा करताना तीच लाज तितक्याच मापाने आणणे, याला मी नैसर्गिकपणा म्हणणार नाही, ते कसब आहे. समोर किशोर कदम यांच्यासारखा, नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली तयार झालेला नट जब्याच्या बापाच्या, कचरूच्या भूमिकेत वाकून उभा असताना सोमनाथ कुठेही उणा वाटत नाही. कदम यांनी आवाज जवळजवळ घशातच ठेवला आहे. गावातल्या माणसांपुढे तो आणखी खाली जातो आणि मुलावर ओरडताना एकदम फुटतो. आपल्याहून वरच्यापुढे दबलेला आवाज घरच्या धाकट्यावर कसा निघतो, हे त्या दोन पट्ट्यांत ऐकू येते.

तक्रार एकच आहे. जब्याला छळणारी पोरे फारच एका रंगात रंगवली आहेत. आमच्या पेठेतली अशी पोरे एरवी अतिशय मायाळू असतात आणि खरी भीती तिथेच आहे.

मंगळवार पेठ, वय बेचाळीस

मी येथे प्रथमच लिहीत आहे. जत्रेच्या प्रसंगात जब्या नव्या कपड्यांत नाचत असतो, शालू पाहत असते आणि तेवढ्यात बाप त्याला हाक मारून डोक्यावर गॅसबत्ती धरायला लावतो. या प्रसंगाचा उल्लेख वर कोणी केला नाही, म्हणून लिहितो.

बारा ते सोळा या वयात मी लग्नाच्या वरातीत बत्त्या धरल्या आहेत. एका रात्रीचे पैसे ठरलेले असत आणि जेवण शेवटच्या पंगतीनंतर मिळे. एकदा आमच्याच वर्गातल्या मुलाच्या थोरल्या भावाची वरात होती. ती वरात माझ्या शाळेवरून गेली. वर्गातली सगळी मुले पुढे बँडसमोर नाचत होती आणि त्यांचे चेहरे मला स्वच्छ दिसत होते, कारण उजेड माझ्याच डोक्यावर होता. त्यांनी मला पाहिले की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. बत्तीखालच्या माणसाचे तोंड अंधारात असते, असे मी तेव्हा स्वतःला समजावले होते.

चित्रपट मी एकट्याने पाहिला, दुपारच्या खेळाला. बत्ती डोक्यावर आली की माणूस मनात येईल तेव्हा मान वळवू शकत नाही. वळायचे तर सबंध अंग वळवावे लागते, आणि डोळ्यांतून पाणी आले तरी हात वर अडकलेले असतात. सोमनाथने ते तसेच केले आहे. पुढे बत्ती खाली ठेवली तरी मान काही वेळ ताठच राहते. घरी गेल्यावर आई पाठीमागून तेल चोळायची आणि विचारायची, “कुणाची वरात होती रे?” मी एकदाही खरे नाव सांगितले नाही.