निवृत्तीनंतर आरव्ही घेऊन ख्रिस्ती कॅम्पवर सेवा: कोणी केली आहे का?

नगरकर_जर्सी

नमस्कार, आणि मंडळीतल्या सगळ्यांना जय ख्रिस्त.

आम्ही दोघं मूळचे अहमदनगरचे, गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीत आहोत. माझं वय ६६, येत्या डिसेंबरात नोकरी संपते. मिसेस ६३ वर्षांच्या आहेत, हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, त्याही लवकरच थांबायचं म्हणतात. मुलं आपापल्या संसारात आहेत.

आमच्या मेथडिस्ट चर्चमधलं एक निवृत्त अमेरिकन जोडपं हिवाळाभर दक्षिणेत असतं. आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन एका कॅम्पवर, म्हणजे मुलांच्या ख्रिस्ती शिबिराच्या जागी जायचं, तिथे तीन आठवडे दुरुस्तीची कामं करायची आणि मग पुढच्या कॅम्पवर. पगार नाही, पण गाडी लावायला जागा, वीज, पाणी फुकट. त्यांच्याकडून ऐकल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

सुरुवात कुठून करायची? गाडी कोणती घ्यायची? मिसेसना काळजी आहे की सुतारकाम, रंगकाम काहीच येत नाही, तर आपण तिथे करायचं काय? आणि मनातलं विचारतो, आपल्यासारखे देशी चेहरे त्या गटांत दिसत नाहीत. सामावून घेतात का?

फिरतं_बिऱ्हाड

दादा, जय ख्रिस्त. मी आणि माझे मिस्टर ह्यूस्टनचे. ते सिव्हिल इंजिनियर होते, मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये. दोघंही निवृत्त झाल्यापासून आम्ही हीच सेवा करतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडीचा विचार सध्या बाजूला ठेवा. आधी कोणत्या संस्थेबरोबर जायचं ते ठरवा. तुम्ही मेथडिस्ट आहात, तर नोमॅड्स ही तुमच्या घरचीच संस्था. १९८८ पासून युनायटेड मेथडिस्ट चर्चशी जोडलेली आहे. तुमच्या चर्चमधलं जोडपं बहुधा त्यांच्याबरोबरच जात असेल, कारण तीन आठवड्यांचा प्रकल्प ही त्यांची पद्धत. साधारण सोमवार ते गुरुवार काम, दिवसाला सहा तास. काही जोडपी मिळून एक गट आणि त्यात एक जोडपं प्रमुख. नवख्यांना हे फार सोयीचं, कारण कॅम्पशी बोलणं, कामं वाटणं हे प्रमुख बघतात. याशिवाय टेक्सासमधल्या लिंडेलची सोवर्स आहे, सदर्न बॅप्टिस्ट मंडळींची कॅम्पर्स ऑन मिशन आहे, असेंब्लीज ऑफ गॉडची मॅप्स आहे. प्रत्येकीचं विश्वासाचं निवेदन वेगळं असतं. ते दोघांनी बसून नीट वाचा. सही करताना मनात किंतु नको.

आता दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. सकाळी सगळे एकत्र जमतात. एक जण वचन वाचतो, प्रार्थना होते, मग कॅम्पचा देखभाल बघणारा माणूस यादी घेऊन येतो. ही यादी साधी असते. केबिनच्या दारांच्या जाळ्या घ्या. उन्हाळ्यात मुलं दार ढकलताना हात नेमका जाळीवर ठेवतात, त्यामुळे दर वसंतात निम्म्या जाळ्या बदलाव्या लागतात. जुनी जाळी काढायची, नवी ताणून धरायची आणि रबरी दोरी छोट्या चाकानं खाचेत दाबत न्यायची. हे मी पहिल्याच प्रकल्पावर एका ऐंशीच्या घरातल्या बाईंकडून शिकले. आता जिथे जाते तिथे जाळ्यांचं काम माझ्याकडे येतं आणि ते मला मनापासून आवडतं. बंक बेडच्या गाद्यांची कव्हरं शिवणं, चॅपलचे बाक घासून व्हार्निश करणं, नोंदणीचे कागद लावणं, शंभर-दोनशे मुलांच्या नाश्त्याची तयारी, ही सगळी कामं आहेतच. पुष्कळ कॅम्पांत वर्षभर पगारावर असलेली माणसं अगदी थोडी असतात. ज्या कामाला त्यांचा हात पोचत नाही ते आपण करतो. तिथे सुतार हवाच असतो, पण सांगितलेल्या वेळेला हजर राहणारा आणि संडास घासायलाही मागेपुढे न बघणारा माणूस त्याहून जास्त हवा असतो.

वहिनी नर्स आहेत हे तर फारच मोलाचं. त्याबद्दल इथल्या परिचारिकाताई लिहितील असं वाटतं.

एक गोष्ट मी ठासून सांगते. दोघांनाही हे करायचं असेल तरच निघा. एकाच्या हौसेसाठी दुसरा निघाला तर गाडीच्या तेवढ्याशा जागेत ते फार दिवस झाकून राहत नाही, आणि गटालाही जाणवतं. म्हणून आधी गाडी नसताना करून बघा. बऱ्याच कॅम्पांकडे पाहुण्यांच्या खोल्या असतात. जवळच्या मेथडिस्ट कॅम्पला फोन करा आणि सांगा, मोसमाआधी आठवडाभर येतो, राहायला खोली द्या, पडेल ते काम करतो. त्या आठवड्यात वहिनींना काय आवडतं, तुम्हाला किती झेपतं, सगळं कळेल. किंवा भाड्याची आरव्ही घ्या. गाडीत पैसे अडकवण्याआधी हे व्हायलाच हवं.

सामावून घेण्याबद्दल विचारलंत. सुरुवातीला आम्हीच एकटे देशी असायचो, अजूनही बहुतेक वेळा असतोच. कुतूहल असतं, आमचं नाव उच्चारायला त्यांना वेळ लागतो. पण दुसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही जाळी बसवणाऱ्या बाई झालेल्या असता. जेवणाआधी कधी कोणी म्हणतं, आज तुमच्या भाषेत प्रार्थना करा. मी करते. एकदा संध्याकाळच्या उपासनेत नारायण वामन टिळकांचं पद म्हटलं आणि ते कोण होते हेही सांगितलं. मग बोलता बोलता विषय निघाला, की आपल्याकडे मंडळी सुरू झाली ती कशी.

दादा, तुम्ही नगरचे, तुम्हाला हे ठाऊकच आहे. १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला काही कॉलेजची मुलं गवताच्या गंजीखाली पावसात अडकली आणि तिथेच प्रार्थना करून त्यांनी परदेशी सेवेचा निश्चय केला. त्यातून जी हालचाल सुरू झाली तिचीच माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली, १८३१ मध्ये नगरला पोचली. माझी पणजी नगरजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली. मग ती मास्तरीण झाली, आणि तिच्यापासून आमच्या घरातल्या सगळ्या मुली शिकल्या. त्या शाळेसाठी इथल्या, अमेरिकेतल्याच छोट्या छोट्या चर्चमधल्या बायकांनी नाणं नाणं जमवलं होतं. आज त्यांच्या पणतवंडांच्या कॅम्पवर मी केबिनची दारं दुरुस्त करते, हे मला फार योग्य वाटतं. हे त्या जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा सगळे बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. बहुतेकांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुरुस्तीवाला

ताईंनी मन की बात सांगितली, मी लोखंडाची सांगतो.

नगरकर, गाडीची लांबी आणि विजेची जोडणी या दोन गोष्टी कॅम्पला आधी विचारा. जुन्या कॅम्पांत बऱ्याच जागी ३० अँपचीच जोडणी असते. ती १२० व्होल्टची, म्हणजे जेमतेम ३,६०० वॉट. ५० अँपच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, म्हणून १२,००० वॉट मिळतात. फरक दुपटीहून खूप जास्त आहे. ३० वर दोन एसी एकदम चालणार नाहीत. एक एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला तर ब्रेकर पडू शकतो. दोन छोटे एसी असलेली मोठी गाडी घेऊन टेक्सासच्या उन्हाळ्यात ३० अँपवर राहायची वेळ आली तर त्या मोठेपणाचा उपयोग नाही. विजेच्या झटक्यापासून गाडीला वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर घ्याच. कॅम्पवरची वायरिंग कधी कोणी केली आहे सांगता येत नाही.

पाण्याला प्रेशर रेग्युलेटर लावा, ४० ते ५० पीएसआयच्या आसपासचा. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, पांढरा. टाक्या धुवायचा होज त्याच्याजवळही ठेवू नका.

ट्रेलर ओढणार असाल तर जिभेवर, म्हणजे गाडीला जोडायच्या हिचवर येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. फिफ्थ व्हील म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर, त्याचा भार पिकअपच्या मागच्या आसावर येतो आणि तो त्याहून जास्त, साधारण २० टक्क्यांपर्यंत किंवा वर. म्हणून पिकअप आधी घेऊन मग तिला झेपेल असा फिफ्थ व्हील शोधणं महागात पडतं. आधी घर ठरवा, मग त्याला ओढणारा घोडा. अवजारं, पाणी, कपडे भरल्यावर ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करून बघा. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या गाडीचं असतं. टायरवर तारखेचा कोड असतो. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे टायर घेऊन लांब निघू नका.

तुम्ही जर्सीहून दक्षिणेला जाल म्हणून एक खास गोष्ट. आय-९५ हायवेच्या वाटेवर बाल्टिमोरला बंदराखालून जे बोगदे आहेत तिथून आरव्हीच्या प्रोपेनच्या टाक्या न्यायला बंदी आहे. आधी लोक शहराभोवतीच्या ६९५ हायवेवरून, की ब्रिज नावाच्या पुलानं जायचे. तो पूल २०२४ च्या मार्चमध्ये जहाज आदळून पडला. आता ६९५ च्या पश्चिमेकडून वळसा घ्या, आणि फोनवरच्या नेहमीच्या नकाशावर विसंबू नका. उंची आणि प्रोपेन सांगितलं की त्याप्रमाणे रस्ता दाखवणारं आरव्हीचं जीपीएस मिळतं.

नगरकर_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मिसेसना मोठ्यानं वाचून दाखवलं. पणजीचं वाचताना त्या मध्येच थांबवून म्हणाल्या, आपल्या आजीचंही असंच.

त्यांचा प्रश्न, नर्सचं लायसन्स दुसऱ्या राज्यात चालतं का? आणि माझा, विम्याचं काय? मी मेडिकेअर, म्हणजे ६५ नंतरचा सरकारी विमा, घेणार, पण त्या ६५ च्या खाली आहेत.

परिचारिका_ओहायो

वहिनींसाठी लिहिते. न्यू जर्सी नर्स लायसन्सर कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे नर्सच्या लायसन्सबद्दल राज्याराज्यांत झालेल्या करारात आहे. लायसन्स मल्टिस्टेट प्रकारचं असेल तर कॉम्पॅक्टमधल्या सगळ्या राज्यांत त्यावर काम करता येतं. टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, ओहायो सगळे आहेत. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया नाहीत. आपलं लायसन्स मल्टिस्टेट आहे की फक्त एका राज्याचं, ते आधी तपासा. आणि निवृत्त झाल्यावर ते बंद पडू देऊ नका, पुन्हा चालू करणं किचकट असतं.

मी उन्हाळ्यात कॅम्पवर जाते. पहिल्या दिवशी मुलं येतात तेव्हा प्रत्येकाची औषधं मोजून घ्यायची, आई-वडिलांकडून सही घ्यायची, सगळं कुलपात ठेवायचं. नंतर रोज दम्याचे पंप, ॲलर्जीची इंजेक्शनं, गोचिडी काढणं, सोलवटलेले गुडघे. पहिल्या दोन रात्री पोटात दुखतं म्हणून येणारी निम्मी मुलं घरच्या आठवणीनं आलेली असतात. त्यांच्याजवळ नुसतं बसायचं. हॉस्पिटलमध्ये मला जे करायला कधी वेळ मिळाला नाही, ते तिथे करता येतं.

मुलं असतात तिथे दोघांचीही पार्श्वभूमी तपासली जाईल आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. कोणाही मोठ्या माणसानं मुलाबरोबर एकटं राहायचं नाही हा नियम असतो आणि तो अगदी कडक पाळतात. त्याचा कोणी राग मानू नये.

फिरतं_बिऱ्हाड

विम्याबद्दल. दादा, डिसेंबरच्या आत हे ठरवा. मूळ मेडिकेअर देशभर, ती घेणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या बऱ्याचशा योजना मात्र तुमच्या भागातल्या डॉक्टरांच्या जाळ्यापुरत्या असतात, बाहेर तातडीची सेवा तेवढी मिळते. वर्षातले काही महिने दुसऱ्या राज्यात काढणाऱ्यानं मूळ मेडिकेअर आणि तिच्या जोडीला मेडिगॅप, म्हणजे तिचा उरलेला खर्च भरणारा पूरक विमा, घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅपवाले तब्येतीचं कारण देऊन नाकारू शकत नाहीत. ती मुदत गेली की बहुतेक राज्यांत तपासणी करून नाकारू शकतात.

वहिनींसाठी एक हिशेब करा. कोब्रा नावाच्या कायद्यानं नोकरी सुटल्यावरही नोकरीतला विमा अठरा महिने चालू ठेवता येतो. त्या साडेत्रेसष्टाव्या वर्षी थांबल्या तर अठरा महिने थेट ६५ पर्यंत नेतात. हप्ता जड पडतो, कारण मालकाचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. पण त्यांच्या हॉस्पिटलची योजना देशभर चालणारी असेल तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं दिसत नाही. मार्केटप्लेसच्या, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून स्वतः घ्यायच्या योजना बहुधा राज्यापुरत्या असतात.

कराचंही थोडं. आपल्या कामाच्या तासांची वजावट मिळत नाही. तुम्ही खर्च तपशीलवार दाखवत असाल तर सेवेसाठी केलेल्या प्रवासाला मैलामागे १४ सेंट किंवा प्रत्यक्ष इंधनाचा खर्च धरता येतो. वाटेत चार दिवस भटकंती केली तर ते मैल त्यात घालू नका. पेट्रोल पंपाच्या आणि अवजारांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

नगरकर_जर्सी

मिसेसनी लायसन्स बघितलं, मल्टिस्टेट आहे. साडेत्रेसष्टचा हिशेब कागदावर मांडला, एप्रिलमध्ये त्या थांबतील असं दिसतंय. गाडी आत्ता नाही. मेमध्ये मुलं यायच्या आधी इथल्याच एका कॅम्पवर आठवडाभर खोलीत राहून काम करायचं, आज फोन केला, त्यांनी हो म्हटलं. जाळ्या बदलायच्या आहेत का तेही विचारलं. आहेत म्हणाले.

एकच राहिलं. आमच्याकडे कुत्रा आहे. पुढे आरव्ही घेतली तर चालतो का?

फिरतं_बिऱ्हाड

बऱ्याच कॅम्पांवर चालतो, काहींवर नाही. प्रकल्पाच्या माहितीत लिहिलेलं असतं, नसेल तर नाव देण्याआधी विचारून घ्या. पट्टा बांधूनच फिरवायचा, स्वयंपाकघर आणि जेवणघरात आणायचा नाही, आणि तुम्ही कामावर असताना गाडीत एसी चालू ठेवावा लागेल, म्हणून ३० अँपचं गणित त्यालाही धरून करा. मेमध्ये जाताना जाळीचं चाक बरोबर न्या, लाकडी मुठीचं, दोन्ही टोकांना चाक असलेलं. कॅम्पवर एकच असतं आणि ते कधी जागेवर नसतं.