रामनदी : प्राणवायूच्या आकड्यावर विश्वास ठेवावा की दगडाखालच्या अळ्यांवर?

नमस्कार. पुण्याजवळच्या भूकुमलगत खाटपेवाडीच्या परिसरात उगम पावून बावधन, पाषाण, सुतारवाडी असे करत मुळेला मिळणाऱ्या रामनदीच्या सोमेश्वरवाडीलगतच्या पट्ट्याची आम्ही तीन शेजारी दिवाळीपासून दर पंधरा दिवसांनी पाहणी करत आहोत. आमच्यापैकी कोणीही या विषयाचे शिक्षण घेतलेले नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मार्चमध्ये दुपारी दोनच्या सुमारास किटने तपासले, तेव्हा विरघळलेला प्राणवायू लिटरला ९ मिलिग्रॅम भरला. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष किमान ५ मिलिग्रॅमचा असल्यामुळे आमच्यातले एक काका हरखून गेले. मात्र त्याच ठिकाणी दगड उलटवून पाहिले, तर खाली कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लाल अळ्या आणि गाळात ट्युबिफेक्स किडे यांशिवाय काहीच नव्हते. प्रदूषण सहन न होणाऱ्या मेफ्लाय किंवा कॅडिसफ्लाय या कीटकांची एकही अळी आजवर सापडलेली नाही. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अत्यल्प प्राणवायूतही तगतात, एवढे वाचून माहीत आहे.

माझा तर्क असा की, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने २८ अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून जेमतेम सव्वासात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्यावरचा भाग मैलापाण्यावर पोसलेल्या शेवाळाने उन्हात तयार केलेला असणार आणि रात्री तेच शेवाळ तो संपवत असणार. तसे असेल, तर खरा आकडा सूर्योदयापूर्वीचाच मानावा लागेल. त्यासाठी महिन्यातून एकदा पहाटे मोजणे पुरेल का, की सलग चोवीस तास दर तीन तासांनी मोजावे? नमुना जागेवरच रसायने घालून स्थिर करून नंतर घरी तपासला, तर चालतो का?

तुलनेसाठी भूकुमच्या वरचा ओढा घ्यावा, असे ठरवले होते, पण तो एप्रिलपर्यंत आटतो आणि आमच्याकडचे पाणी मेमध्येही वाहते. हीच गोष्ट मला अधिक खटकते. भर उन्हाळ्यातला हा प्रवाह झऱ्यांचा किती आणि सांडपाण्याचा किती, हे अमोनिया आणि विद्युतवाहकता यांवरून सांगता येईल, की मलजन्य जिवाणूंची चाचणी प्रयोगशाळेतून करून घेणे अपरिहार्य आहे?

(शेकाट्यांचे थवे येतात म्हणजे नदी सुधारली, असे कृपया सुचवू नये. ते पक्षी मैलापाण्यातही सुखाने चरतात.)

शेवटचे म्हणजे, पावसाळ्यातील पुराने तळातले जीव वाहून जातात. त्यानंतर किती आठवड्यांनी केलेली मोजणी ग्राह्य धरावी? आम्ही ऑक्टोबरचा मध्य धरला आहे, तो लवकर तर होत नाही ना?