मदत हवी आहे: सीएमएमध्ये (सलग मेमरीसाठी राखून ठेवलेल्या जागेत) ९० एमबी रिकामी, तरी कॅमेऱ्याला सलग मेमरी मिळत नाही

नमस्कार मंडळी. एम्बेडेड लिनक्सवर काम करणारं कोणी इथे असेल तर कृपया वाचा. पंधरा दिवस झाले, एकाच जागी अडकले आहे.

महापे एमआयडीसीत एका पॅकिंग लाइनवर आम्ही कॅमेरा बसवलाय. पाकिटावरची एमआरपी, बॅच नंबर आणि तारीख नीट छापली आहे का, एवढंच तो बघतो. एआरएम बोर्ड, १ जीबी रॅम, कर्नेल (लिनक्सचा गाभा) ५.१०. बोर्डावर आयओएमएमयू (विखुरलेली मेमरी हार्डवेअरला सलग भासवणारा भाग) नाही, त्यामुळे फ्रेमसाठी प्रत्यक्ष मेमरीत सलगच जागा लागते. ३८४० बाय २१६० ची एनव्ही१२ (चित्र साठवायचा एक फॉरमॅट) फ्रेम म्हणजे ४ केबीची ३,०३८ पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे), एका रांगेत. अशा चार फ्रेम. त्यासाठी बूटच्या वेळीच १२८ एमबी सीएमए राखून ठेवलंय.

बोर्ड चालू केला की दोन दिवस सगळं सुरळीत. मग एखाद्या सकाळी ७ ला पाळी बदलते, ऑपरेटर पाकिटाचा साइझ बदलतो, कॅमेरा बंद होऊन परत सुरू व्हायला जातो आणि तिथेच अडतो. लॉगमध्ये एकच ओळ: सीएमए अलॉक फेल, मागणी ३०३८ पेजेस, रिटर्न उणे १६. त्याच क्षणी मेमइन्फोमध्ये (कर्नेलच्या मेमरीच्या हिशेबात) सीएमए फ्री ९० एमबीच्या वर!

सीएमए २५६ एमबी केलं, तर दुखणं दोन दिवसांऐवजी पाचव्या दिवशी आलं. पेज कॅश (फाइल्ससाठी अडवलेली मेमरी) रिकामी करून पाहिली, हाताने कॉम्पॅक्शन (पेजेस सरकवून सलग जागा करणं) चालवलं. बडीइन्फोचे (सलग मोकळे तुकडे किती, ते सांगणारे) आकडे सुधारले, कॅमेरा काही उठला नाही. रीबूट केला की लगेच चालतो. ऑपरेटर आता मला फोनही करत नाही, सरळ प्लग काढून परत लावतो. असं करत एक दिवस मेमरी कार्ड जाणार, आणि तोवर तेवढी पाकिटं न तपासता पुढे जातात. मला झोप लागत नाही ती त्या पाकिटांमुळे.

माझी समजूत अशी: राखीव जागा कर्नेल रिकामी ठेवत नाही, हलवता येणारी पेजेस तिथे बसू देतो आणि ड्रायव्हरने मागितलं की त्यांना दुसरीकडे हलवतो. म्हणजे कोणीतरी हलत नाहीये. पण कोण, हे शोधायचं कसं?

प्रतिसाद

समजूत बरोबर आहे. उणे १२ आलं असतं तर सीएमएतच सलग मोकळी जागा उरली नाही असं म्हटलं असतं. उणे १६ म्हणजे जागा दिसली, पण तिथली पेजेस हलली नाहीत.

सीएमए फ्रीच्या आकड्यावर विसंबू नका. १२८ एमबी म्हणजे ३२,७६८ पेजेस. त्यात ३,०३८ चे तुकडे जास्तीत जास्त १० बसतात. म्हणजे अडून बसलेली जेमतेम १० पेजेस नेमक्या जागी विखुरली, की बाकी सगळं रिकामं असूनही पहिलीच फ्रेम मिळणार नाही. २५६ केल्यावर दिवस का वाढले, तेही यातच आलं.

माझा संशय पिन केलेल्या, म्हणजे जागेवरच अडकवून ठेवलेल्या पेजेसवर आहे. बोर्डावर इमेज प्रोसेसिंगसाठी वेगळा ड्रायव्हर आहे का, जो अॅप्लिकेशनने मॅलॉकने (मेमरी मागायच्या नेहमीच्या फंक्शनने) घेतलेला बफर थेट हार्डवेअरला देतो? मॅलॉकची पेजेस हलवता येणारी असतात, म्हणून कर्नेल ती बिनदिक्कत सीएमएत बसवतो. ड्रायव्हरने ती पिन केली की बफर सोडेपर्यंत हलत नाहीत. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी रीबूट करू नका. फक्त ती प्रोसेस बंद करा आणि कॅमेरा सुरू करून बघा. एखादा डीबग कर्नेल चढवता आला तर पेज ओनर ही कर्नेलची सोय चालू करा, प्रत्येक पेज कोणत्या वाटेने घेतलं गेलं ते त्यात दिसतं.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचे फार आभार. आज पहाटेच ठाण्याहून निघाले, ७ च्या आधी लाइनवर पोचले. कॅमेरा अडला. ऑपरेटर प्लगकडे गेला, त्याला थांबवलं. फक्त प्रोसेसिंगची सर्व्हिस बंद केली, कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि पहिल्याच फटक्यात चित्र आलं!

ड्रायव्हरचा सोर्स आमच्याकडे आहे. आत पेजेस अडकवायला जुनं गेट यूझर पेजेस फंक्शन आहे, फ्लॅग शून्य. साइझ बदलला की अॅप नवा बफर घेतं आणि आधीचा सोडतच नाही, हेही सापडलं. अॅपमधली ती चूक आजच दुरुस्त करते. ड्रायव्हरमध्ये त्याच्या जागी नवं पिन यूझर पेजेस आणि लाँगटर्म (दीर्घकाळ पिन राहणार असं सांगणारा) फ्लॅग टाकला, तर पिन करण्याआधी कर्नेल ती पेजेस सीएमएबाहेर नेईल ना? आणि सोडताना पुट पेजच्या जागी अनपिन वापरायचं, बरोबर?

प्रतिसाद

दोन्ही बरोबर. फक्त पिन करतानाचा रिटर्न नक्की तपासा, मागितल्यापेक्षा कमी पेजेसही पिन होऊ शकतात. आणि कॅमेऱ्याचे चार बफर बूट झाल्यावर एकदाच घ्या, साइझ बदलला तरी सोडू नका. नवा ड्रायव्हर तपासून होईपर्यंत लाइन तेवढ्यावर चालेल.