लेबल हरवलेले लोकरीचे गुंडे आणि कापडाचे लाल तुकडे
घरातली लोकर आणि कापड संपेपर्यंत नवं काही आणायचं नाही, हे आपलं सगळ्यांचं ठरलंय ते मला फार आवडलं. मीही मार्चपासून तेच करतेय.

एक मात्र सांगते. लेबल हरवलेले गुंडे एकत्र विणण्याआधी धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही एकाच स्वेटरात आले की गरम पाण्यात लोकर आटते, ॲक्रिलिक तसंच राहतं. भाचीच्या स्वेटरची एक बाही अशीच आखडली. इतकं वाईट वाटलं!

उसवलेली लोकर कुरळी असते. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून टांगायची. वाळेपर्यंत सरळ होते.

कापडाच्या तुकड्यांची गोधडी शिवायला घेतलीये. आत आईचं जुनं सुती नऊवारी, वरून धावदोरा. लाल तुकडे आधी वेगळे धुवाच, रंग जातो. कडेपासून मध्याकडे टाके घालत आलेय, आता हातभरच राहिलीये.