कराची बंदर, सायरन आणि आमचे आप्पा

तिरकस: "फोन कुणाला कट्टर करत नाही, मुळात असतं तेच बाहेर येतं," हे प्रभंजनरावांचं कालचं वाक्य वाचून डोकं फिरलं. भारत-पाक संघर्षातली ८ मे २०२५ ची रात्र आठवा. वाहिन्यांनी खोट्या बातम्यांत कराची बंदर बेचिराख करून टाकलेलं, आणि आमचे आप्पा, वय ७४, शुगर वाढलेली, दोन वाजेपर्यंत जागे. विमान पाडल्याची जी क्लिप ते सगळ्यांना पाठवत होते ती 'आर्मा ३' या गेममधली. नातवाने लगेच ओळखली. आप्पा म्हणाले, "क्लिप खोटी असेल, भावना खरी आहे!" बँकेत एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत घरी न येणारा माणूस. हे मुळात होतं?

प्रभंजन: आप्पांनी कुणाला मारलं का? उत्साह वेगळा, कट्टरपणा वेगळा.

खान्देशी: राईनपाडा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज, आणि बाजारात आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. काहीजण शूटिंग करत होते. हेही 'मुळात' का? व्हॉट्सअ‍ॅपला फॉरवर्ड एका वेळी पाचांवर आणायची अक्कल त्यानंतर आली.

प्रभंजन: अफवेने माणसं मोबाईलच्या आधीही मारली गेलीत.

सुलभाताई: मोबाईलचं राहू द्या, टीव्हीचं बोला! बातम्यांत हवाई हल्ल्याचा सायरन वाजला आणि माझ्या सासूबाई देवघरातला दिवा विझवून पलंगाखाली. सरकारने वाहिन्यांना सायरन वाजवू नका सांगितलं ते १० मेला.

तिरकस: आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने तर मॉक ड्रिल संपल्यावरही दोन दिवस जिन्यातले दिवे बंद ठेवले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पडल्या.

सुलभाताई: आमच्याकडे लिफ्टच बंद! मेंटेनन्स मात्र पूर्ण.

खान्देशी: पाच माणसं मेली आणि तुम्ही लिफ्टवर आलात? धन्य आहे. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २०१९ मध्ये मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने डोक्याला कॅमेरा लावून फेसबुकवर थेट दाखवलं. प्रभंजन, बघायला कुणी नसतं तर कॅमेरा कशाला लावला असता?

प्रभंजन: कॅमेऱ्याविनाही मारलंच असतं.

खान्देशी: असेल. पण पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्या चढवणारे सगळे मुळातच खुनी?

प्रभंजन: बरं बाबा. "मुळात असतं तेच बाहेर येतं, फक्त पूर्वी एवढ्या लवकर येत नव्हतं." झालं समाधान? आप्पांना नमस्कार.

तिरकस: पोचवला. तुमचं वाक्य त्यांना फार आवडलं. फक्त पहिला अर्धा भाग. पाच-पाच जणांना पाठवत बसलेत.