मदत हवी आहे: विंडोज तसंच ठेवून बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स

मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात डेस्कटॉप आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम. मुलांना लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती शिकवायचीय, पण विंडोजमधल्या पुस्तकांच्या नोंदींना धक्का लागता कामा नये.

सध्या रुफसने (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) ३२ जीबी पेनड्राइव्हवर मिंट टाकलं, पर्सिस्टंट पार्टिशन (केलेले बदल साठवणारा भाग) ८ जीबी. मराठी कीबोर्ड, वायफायचा पासवर्ड टिकतो. अडचण लाईनची. फाइल लिहिली जात असताना लाईन गेली की ते पार्टिशन बिघडतं. दुसऱ्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून, पार्टिशन अनमाउंट (न जोडलेलं) ठेवून एफएससीके (डिस्कमधल्या चुका दुरुस्त करणारी कमांड) चालवलं की बहुतेकदा सुधारतं, पण हे मुलांच्या हातून होणारं काम नाही. शिवाय अपडेट घेत गेलं की जागा भरते आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) मात्र आयएसओमधलाच, म्हणजे मूळ डाउनलोड फाइलमधलाच राहतो.

म्हणून बाहेरच्या एसएसडीवर पूर्ण इन्स्टॉल करायचंय. धोका मोठा आहे: बूटलोडरसाठी (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, लिनक्सचा तो ग्रब) बाहेरची डिस्क निवडली तरी इन्स्टॉलर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायचा छोटा भाग) टाकू शकतो. मग एसएसडी काढली की विंडोजऐवजी ग्रबचा काळा पडदा! इन्स्टॉलपुरती आतली साटा केबल काढणं सगळ्यात खात्रीचं, पण कॅबिनेट उघडायला समितीची परवानगी नाही.

जीपार्टेडमध्ये (पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर) आतल्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी फ्लॅग (तो भाग बूटसाठी आहे हे सांगणाऱ्या खुणा) तात्पुरते काढून कोणी इन्स्टॉल केलंय का? फ्लॅग परत लावल्यावर विंडोज नीट सुरू झालं का? कोणत्या क्रमाने केलं, तेवढं नक्की सांगा.