‘हॉल्टिंग’चा मार्क

चिऊ: ताई, पेपरात ‘हॉल्टिंग व्हॉइस’चं मराठी विचारलं होतं. मी ‘थांबवणारा आवाज’ लिहिलं. मार्क गेला 😭

मोठे काका: बरोबरच लिहिलंयस की. हॉल्ट म्हणजे थांबणे. पेपर पुन्हा तपासायला द्या.

ताई: काका, जरा दमानं 😄 ‘अडखळता आवाज’ हवं होतं. माणूस बोलतो, मध्येच अडतो, परत सुरू करतो.

आत्या: म्हणजे तोतरं बोलणं?

ताई: तसंच काही नाही. परकी भाषा, भीती, हुंदका, कशानेही अडखळतो माणूस. नवशिक्याबद्दल ‘इन हॉल्टिंग इंग्लिश’ असं हमखास लिहितात.

दादा: आमच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ असतो. प्रोग्रॅम कधीतरी थांबणार की चालतच राहणार, हे आधीच ओळखणारी सर्वांना लागू पडेल अशी रीत नसते. त्याचं मूळ गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या कामात. तिथे अडखळणं नाही, कायमचं थांबणं.

ताई: कारण शब्दच दोन आहेत! थांबण्याचा ‘हॉल्ट’ जर्मनमधून आला, १६ व्या शतकाच्या अखेरीस. दुसरा जुन्या इंग्रजीतला, अर्थ लंगडा किंवा लंगडणं. १६११ च्या किंग जेम्स बायबलात लंगड्यांना ‘द हॉल्ट’च म्हटलंय. आपलं विशेषण या दुसऱ्या घरचं.

आत्या: अगं, म्हणजे लंगडत बोलणं! आपणही लंगडी सबब म्हणतोच.

ताई: ती सबब कमकुवत असते, आत्या. इथे चाल अडखळते. ‘हॉल्टिंग प्रोग्रेस’ला मी तरी ‘रडतखडत’ म्हणेन.

चिऊ: मग थांबून थांबून पडणारा पाऊस? हॉल्टिंग रेन?

ताई: नको. तो इंटरमिटंट. त्यात नुसता खंड पडतो, पुन्हा सुरू होतो. हॉल्टिंगमध्ये पुढचं पाऊल टाकताना कचरणं असतं. पाऊस कशाला कचरेल?

दादा: आणि अधूनमधून लागणारी झोप?

ताई: फिटफुल. तुझी.

मोठे काका: म्हणजे

मोठे काका: माझे मेसेज असे

मोठे काका: तुटक येतात ते हॉल्टिंग

ताई: नेट जात-येत असेल तर इंटरमिटंट. शब्द सुचत नसतील तर हॉल्टिंग.

मोठे काका: नेटच

चिऊ: पण मार्क मिळेल का??

ताई: नाही गं.